आखीव वसाहतीत गच्चीवर सोलर : एकच आराखडा सगळ्या घरांना चालतो का?

समांतर_ओळ

भूखंड एका मापाचे, घरं एका उंचीची, गच्च्या एकसारख्या, रस्ते काटकोनात. अशा नियोजित वसाहतीत सोलरचा विषय निघाला की एक सूचना हमखास येते : एका घराचा आराखडा नीट करून घ्या आणि तोच वीस घरांवर बसवा. सामान एकत्र घेता येतं, सांगाडा एकाच मापात कापता येतो, काम भराभर होतं.

यात नेमकं काय फसतं, यावर माहितगारांनी लिहावं म्हणून हा धागा. सगळ्यांनी एकच उदाहरण धरावं म्हणजे आकडे जुळतील :

गच्ची पूर्व-पश्चिम ९ मीटर, दक्षिण-उत्तर ७ मीटर. कठडा १ मीटर. एका कोपऱ्यात २.४ मीटर उंच जिन्याची खोली आणि तिच्या माथ्यावर दीड मीटरची पाण्याची टाकी. ५५० वॉटची १० पॅनेल, पाच-पाचच्या दोन ओळी, कल १५ अंश, ५ किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर. पॅनेलचं माप २२७८ × ११३४ मि.मी., वजन २८ किलो.

किमती आणि कंपन्यांची चर्चा इथे नको. त्या बदलत राहतात.

कोनमापक

सावलीपासून सुरुवात करतो, कारण नक्कल केलेला आराखडा सर्वांत आधी इथेच पडतो.

जोडघरांच्या वसाहतीत शेजारची दोन घरं बहुधा एकमेकांची आरशातली प्रतिमा असतात. एकाची जिन्याची खोली पूर्वेला, तर दुसऱ्याची पश्चिमेला. रस्त्याच्या समोरच्या बाजूची घरं १८० अंशांत फिरलेली असतात, म्हणजे इकडे उत्तरेला असलेली खोली तिकडे दक्षिणेला येते. एकाच रस्त्यावर, एकाच नकाशाची घरं असूनही सावलीचे चार प्रकार झाले. रस्ता वळला की आणखी चार.

आता आकडे. विषुववृत्ताच्या उत्तरेला २१-२२ डिसेंबरला सूर्य सर्वांत खाली असतो. त्या दिवशी सौर वेळेनुसार सकाळी ९ ते दुपारी ३ सावली पडू नये, हा नेहमीचा निकष. २० अक्षांशावर त्या दिवशी ९ वाजता सूर्य क्षितिजापासून साधारण २८ अंश वर असतो. त्यावरून उत्तरेकडे पडणारी सावली उंचीच्या सुमारे १.२५ पट आणि पश्चिमेकडे पडणारी सुमारे १.४ पट येते. ४० अक्षांशावर सूर्य जेमतेम १४ अंशांवर असतो आणि उत्तरेकडची सावली थेट ३ पट होते.

आपल्या उदाहरणात १५ अंश कलावर पॅनेलची मागची कड पुढच्या कडेपेक्षा ५९ सें.मी. वर जाते. २० अक्षांशावर दोन ओळींत ७४ सें.मी. मोकळे सोडले की पुरे. पॅनेलची खालची कड गच्चीपासून ४० सें.मी. वर धरली, तर दक्षिण कठड्याची ६० सें.मी. उंची उरते आणि त्यासाठी ७५ सें.मी. मागे सरकावं लागतं. दोन्ही ओळी मिळून ५.९ मीटरमध्ये बसतात, ७ मीटरची गच्ची पुरते. हेच गणित ४० अक्षांशावर केलं तर ८ मीटर लागतात, म्हणजे आराखडा मावतच नाही. कुठूनतरी उतरवलेलं 'दोन ओळींत इतके फूट सोडा' हे सूत्र म्हणूनच बिनकामाचं. अक्षांश घाला आणि पुन्हा मोजा.

जिन्याची खोली अधिक टाकी मिळून ३.९ मीटर. पॅनेलच्या पातळीपासून वर ३.५ मीटर. ती आग्नेय कोपऱ्यात असेल तर सकाळी ९ वाजता सावली ४.८ मीटर पश्चिमेला आणि ४.४ मीटर उत्तरेला पोचते. जवळजवळ अर्धी गच्ची गेली. हीच खोली वायव्येला किंवा ईशान्येला असेल तर हिवाळ्यात तिचा काहीच त्रास नाही.

उत्तरायण

कोनमापक यांच्या प्रतिसादात एक भर. २३.४ अंशांच्या आतल्या अक्षांशांवर उन्हाळ्यात सूर्य काही दिवस माध्यान्हीला उत्तरेकडून जातो. तेव्हा उत्तरेकडच्या टाकीचीही सावली पडते. ती आखूड असते, पण पॅनेल खोलीच्या भिंतीला चिकटवून लावली असतील तर रोज दुपारी एक पट्टा काळा होतो. अर्धा-पाऊण मीटर सोडावं.

आणि शेजारच्या घराची टाकी विसरू नका. जोडघरांत दोन जिन्याच्या खोल्या पाठीला पाठ लावून असतात, तेव्हा शेजारची सावली स्वतःच्या नकाशावर दिसतच नाही. नकाशा दोन्ही बाजूंच्या एकेका घरासह काढावा. पूर्वेचा किंवा पश्चिमेचा भूखंड रिकामा असेल तर तिथे मंजूर उंचीचं घर उभं आहे असं समजूनच सावली काढा.

नवखा_वाचक

पॅनेलचा थोडाच भाग सावलीत गेला तर तेवढीच वीज कमी होईल ना? मग एवढी काळजी कशाला?

तारजोड

तेवढीच कमी होत नाही. पॅनेलमधल्या पेशी माळेसारख्या जोडलेल्या असतात. एक पेशी झाकली की तिच्यातून जाणारा प्रवाह अडतो आणि त्या माळेचा बायपास डायोड (प्रवाहाला वळणवाट देणारा भाग) सुरू होऊन सगळी माळ बाजूला पडते. एका पॅनेलमध्ये असे तीन डायोड असतात, म्हणजे हाताएवढ्या सावलीने एक तृतीयांश पॅनेल जाऊ शकतं.

आजकालच्या १४४ अर्धपेशींच्या पॅनेलमध्ये वरचा आणि खालचा अर्धा भाग समांतर असतो. पॅनेल उभं लावलं आणि सावली फक्त खालच्या भागावर आली, तर वरचा अर्धा चालू राहतो. कठड्याची किंवा पुढच्या ओळीची सावली खालून वर चढते, म्हणून तिथे उभी मांडणी फायद्याची. टाकीची सावली बाजूने सरकत येते, तिथे या रचनेचा उपयोग नाही.

एक-दोन पॅनेल टाळताच येत नसतील तर त्यांना बाकीच्यांपासून वेगळं चालवणारा ऑप्टिमायझर लावता येतो किंवा प्रत्येक पॅनेलमागे एक असे मायक्रोइन्व्हर्टर घेता येतात. पण माझं मत, नऊ पॅनेल स्वच्छ उन्हात असणं हे दहावं सावलीत लावून त्यामागे आणखी एक यंत्र जोडण्यापेक्षा चांगलं. गच्चीवर जितके जोड वाढतात तितक्या बिघाडाच्या जागा वाढतात.

समांतर_ओळ

दिशेचं काय? नियोजित वसाहतीत घरं रस्त्याच्या आखणीनुसार फिरलेली असतात. ठीक दक्षिण साधायला पॅनेल गच्चीवर तिरपी लावावीत का?

कोनमापक

शक्यतो नको. कल १०-१५ अंशांचा असेल तर दिशा ठीक दक्षिणेपासून ३० अंश हटल्याने वर्षभराचं उत्पादन काही टक्क्यांनीच घटतं. तिरपी ओळ लावली तर दोन्ही टोकांना त्रिकोणी जागा वाया जाते आणि तिथे बसू शकणारी एक-दोन पॅनेल जातात. तोटा तिकडे जास्त. कठड्याला समांतर ठेवा.

घर पूर्व-पश्चिम तोंडाचं असेल तर १० अंश कलाची पाठीला पाठ मांडणी करून पाहावी. ओळींतली मोकळी जागा वाचते, वारा कमी भरतो, आणि वीज दुपारी एकदम न चढता सकाळ-संध्याकाळ पसरून मिळते. मात्र पूर्व आणि पश्चिमेची पॅनेल एकाच स्ट्रिंगमध्ये (एकापुढे एक जोडलेल्या पॅनेलच्या माळेत) गुंफायची नाहीत, दोन वेगळ्या एमपीपीटींवर (इन्व्हर्टरच्या स्वतंत्र इनपुटांवर) घ्यायची. कल १० अंशांच्या खाली नेला तर पावसाने धूळ वाहून जात नाही, खालच्या फ्रेमपाशी चिखलाची रेघ साचते आणि तीच पेशींच्या शेवटच्या रांगेवर सावली बनते.

उत्पादनाचा अंदाज पीव्हीजीआयएस किंवा पीव्हीवॉट्स या संकेतस्थळांवर फुकट काढता येतो. दोन्हीकडे यंत्रणेचा तोटा आपोआप सुमारे १४ टक्के धरलेला असतो. जवळच्या घराची किंवा टाकीची सावली त्यांना आपोआप कळत नाही, ती वेगळी वजा करा.

स्लॅबवाला

सांगाड्याबद्दल. 'एवढं वजन आहे, कुठे उडतंय' हा समज काढून टाकायला एक गणित पुरेसं आहे.

वाऱ्याचा दाब (न्यूटन प्रति चौ. मीटर) = ०.६ × वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ४० मीटर प्रति सेकंद म्हणजे ताशी १४४ किलोमीटर. दाब ९६०. गच्चीच्या कडेला उचल गुणांक (दाबाच्या किती पट ओढ वर लागते ते) १.५ धरला आणि पॅनेलचं क्षेत्रफळ २.५८ चौ. मीटर, तर एका पॅनेलला वर ओढणारं बल सुमारे ३७०० न्यूटन, म्हणजे ३८० किलोचं. पाच पॅनेलच्या ओळीला १९०० किलो. पॅनेल आणि लोखंड मिळून स्वतःचं वजन १९० किलो. उरलेले १७०० किलो आठ पायांत वाटले तर प्रत्येक पायाला २१० किलोंहून जास्त, आणि मागच्या उंच पायांवर त्याहून अधिक.

३०० मि.मी. घनाच्या काँक्रीट ठोकळ्याचं वजन ६५ किलो. तो नुसता फरशीवर ठेवला तर वारा त्याला जुमानत नाही. ठोकळा स्लॅबला सळईने बांधलेला हवा किंवा पाय थेट केमिकल अँकरने (भोकात रसायनाने चिकटवलेल्या बोल्टने) स्लॅबमध्ये हवा.

अँकरची खोली मोजताना फक्त काँक्रीट धरायचं. फरशी आणि वॉटरप्रूफिंगचा थर त्यात मोजायचा नाही. इथे हमखास चूक होते : ११० मि.मी. भोक पाडलं, त्यातले ७० मि.मी. वरच्या थरातच गेले. एम१० (१० मि.मी. जाडीच्या) अँकरला साधारण ९० मि.मी. खोली आणि त्याखाली ३० मि.मी. काँक्रीट शिल्लक लागतं, म्हणजे १२० मि.मी.चा स्लॅब. एम१२ ला ११० मि.मी. खोली, म्हणजे १४० मि.मी. १२५ मि.मी.च्या स्लॅबमध्ये एम१२ ठोकला तर खालच्या खोलीचं छत फुटू शकतं. भोक पाडल्यावर ब्रश, मग फुंकणी, पुन्हा ब्रश, पुन्हा फुंकणी. आत धूळ राहिली तर रसायन काँक्रीटला न चिकटता धुळीला चिकटतं आणि अँकर हाताने निघतो.

वॉटरप्रूफिंगला भोक पाडायचंच नसेल तर पाय कठड्याच्या आतल्या तुळईवर किंवा खांबांच्या माथ्यावर घ्यावेत. काही वसाहतींत पुढच्या मजल्यासाठी खांबांच्या सळया वर सोडलेल्या असतात. त्या मोजणीत घ्या, पण पुढे मजला चढणार असेल तर सांगाडा नटबोल्टचाच हवा, वेल्डिंगचा नको.

उत्तरायण

सांगाडा अडीच मीटर उंच करून सगळी सावलीच टाळली तर? खाली वावरताही येतं.

स्लॅबवाला

करता येतं, पण त्याला सांगाडा म्हणायचं नाही, ती इमारतीवरची नवी रचना झाली. पाय लांबले की आडव्या वाऱ्याने पायथ्याशी येणारं वाकण त्याच प्रमाणात वाढतं, दोन्ही दिशांना तिरपे आधार लागतात, जाड पाइप लागतात. ओळीतल्या मधल्या घराला दोन्हीकडून आडोसा असतो, टोकाच्या घराला नसतो, म्हणजे इथेही एक माप सगळ्यांना चालत नाही. शिवाय नियोजित वसाहतीत कठड्यावर किती उंच जाता येईल, रस्त्यावरून काय दिसावं, याची नियमावली असते. अग्निशमनाची वाट आणि टाकीकडे जाणारी वाटही मोकळी सोडावी लागते. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही असल्याशिवाय उंच सांगाडा नको.

फिटिंगच्या बारीक गोष्टी : लोखंड हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड, थर ८० मायक्रॉनचा. जागेवर पाडलेल्या प्रत्येक भोकाला झिंकचा रंग लावायचा, नाहीतर गंज तिथूनच सुरू होतो. बोल्ट एसएस ३०४, समुद्राजवळ ३१६. क्लॅम्प पॅनेलच्या लांब बाजूवर, टोकापासून साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या पट्ट्यात. अगदी टोकाला लावले तर काच मध्ये झुकते आणि पेशींना डोळ्यांना न दिसणारे तडे जातात. टॉर्क पाना वापरा, आकडा पॅनेलच्या माहितीपत्रकातला. सहा मीटर अ‍ॅल्युमिनियमची पट्टी ५० अंशांच्या फरकाने जवळजवळ ७ मि.मी. वाढते, तेव्हा जोडाच्या ठिकाणी फट सोडा.

तारजोड

आता वायरिंग. मला या धाग्यात सर्वांत जास्त हेच सांगायचं आहे.

आधी स्ट्रिंग. पॅनेलचा उघडा व्होल्टेज (भार नसताना, २५ अंशांवर) ४९.५. थंडीत तो वाढतो, प्रत्येक अंशाला सुमारे ०.२७ टक्के. पेशीचं तापमान ५ अंश धरलं तर ५२.२ व्होल्ट. १० पॅनेलचे ५२२, ११ चे ५७४, १२ चे ६२६. इन्व्हर्टरची मर्यादा ६०० असेल तर बारावं पॅनेल पहिल्याच थंड सकाळी त्याला मारू शकतं, आणि हा बिघाड वॉरंटीत बसत नाही. उलट बाजूही पाहा : पेशी ७० अंशांवर गेली की चालता व्होल्टेज पॅनेलमागे ४१.५ वरून ३५ च्या आसपास येतो. दोन-तीन पॅनेलची आखूड स्ट्रिंग केली तर उन्हाळ्यात इन्व्हर्टरची किमान पातळीच गाठत नाही.

दोन स्ट्रिंग समांतर असतील तर डीसी (पॅनेलकडून येणाऱ्या एकदिश प्रवाहाच्या) बाजूला फ्यूज लागत नाही, तीन असतील तर लागतो. कारण बिघडलेल्या स्ट्रिंगमध्ये बाकीच्या दोन मिळून २८ अँपिअर उलटा ढकलतात आणि पॅनेलची मर्यादा साधारण २५ ची असते.

आता इन्व्हर्टर कुठे लावायचा. नेहमीचा घोळ असा : इन्व्हर्टर गच्चीवर जिन्याच्या खोलीत, तिथून खाली मीटरपर्यंत ३० मीटर एसी (इन्व्हर्टरमधून निघणाऱ्या घरगुती विजेची) केबल, तीही ४ चौ.मि.मी.ची. ५ किलोवॅटला २३० व्होल्टवर २१.७ अँपिअर. जाऊन-येऊन ६० मीटर तांब्याचा रोध ०.२८ ओहम. व्होल्टेजची चढ ६ व्होल्ट, म्हणजे वीज बाहेर ढकलायला इन्व्हर्टरला मीटरपेक्षा तेवढं वर राहावं लागतं. १० चौ.मि.मी. केबल टाकली तर २.४.

तोच इन्व्हर्टर खाली मीटरजवळ सावलीतल्या भिंतीवर लावला आणि डीसी केबल २५ मीटर खाली आणली, तर ४ चौ.मि.मी.च्या सोलर केबलमध्ये १३ अँपिअरला ३.३ व्होल्ट पडतात, तेही ४१५ पैकी. म्हणजे ०.८ टक्के. एसी बाजू पाच मीटरचीच उरते आणि चढ १ व्होल्ट. डीसी केबल ६ चौ.मि.मी. घेण्यात अर्थ नाही, लांब एसी टाळण्यात आहे.

अटी दोन. डीसी केबल बाहेरच्या भिंतीवरून बंद पाइपातून आणायची. आणि पॅनेल ते इन्व्हर्टर अंतर १० मीटरपेक्षा जास्त झालं की सर्ज प्रोटेक्टर (अचानक उसळलेला व्होल्टेज जमिनीत वळवणारा) दोन्ही टोकांना लावायचा.

नवखा_वाचक

६ व्होल्टने एवढा काय फरक पडतो?

तारजोड

एकट्या घरात कदाचित पडणार नाही. आखीव वसाहतीत नक्की पडतो.

२३० व्होल्टच्या पुरवठ्यात वरची मर्यादा बहुधा १० टक्के, म्हणजे २५३ व्होल्ट. त्यावर गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडतो. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेर पडणारा व्होल्टेज ठरवणारी जोडणी) मात्र वरच ठेवलेला असतो, म्हणजे संध्याकाळी भार असताना शेवटच्या घराला पुरेसा व्होल्टेज मिळावा. दुपारी बारा वाजता त्याच ट्रान्सफॉर्मरवरची वीस घरं एकाच वेळी वीज बाहेर ढकलतात, घरात खप नसतो, आणि ओळीच्या टोकाला व्होल्टेज २४८ पर्यंत जातो. त्यात स्वतःच्या केबलचे ६ मिळवा. २५४. इन्व्हर्टर बंद. थोड्या वेळाने पुन्हा चालू, पुन्हा बंद. ऐन उन्हात उत्पादनाच्या आलेखाला करवतीसारखे दात दिसतात आणि लोक पॅनेलला दोष देतात.

ओळखायचं कसं : भर दुपारी इन्व्हर्टर चालू असताना त्याच्या एसी टर्मिनलवर आणि मीटरपाशी व्होल्टेज मोजा. फरक ३ व्होल्टच्या वर असेल तर दोष आपल्या केबलचा किंवा ढिल्या जोडाचा. मीटरपाशीच २५० च्या पुढे असेल तर वीज कंपनीकडे टॅप उतरवण्याची मागणी, आणि घरं तिन्ही फेजवर समान वाटली आहेत का याची तपासणी. एकाच ठेकेदाराने वीस घरांची जोडणी एका सवयीने केली की बरीचशी एकाच फेजवर निघतात. सगळ्यांचा आराखडा सारखा असण्याचा हाही एक परिणाम.

इन्व्हर्टरमध्ये व्होल्टेज वाढला की हळूहळू शक्ती कमी करण्याची सोय असते. वीज कंपनीच्या परवानगीने ती सुरू करून घ्या. पूर्ण बंद पडण्यापेक्षा ८० टक्क्यांवर चालणं परवडतं. मर्यादाच २६५ करून घेणं मात्र चूक. तो व्होल्टेज शेजाऱ्यांच्या फ्रिजलाही मिळतो. पाण्याचा पंप, गीझर, गाडीचं चार्जिंग दुपारी नेणं हा सर्वांत साधा उपाय.

मेगर

जोड आणि अर्थिंगवर लिहितो.

एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या केबली जोडणारे) एकाच कंपनीचे, नर आणि मादी दोन्ही. वेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आतला संपर्क आणि रबर जुळत नाही. वर्षभरात तिथे उष्णता, मग वितळलेलं प्लास्टिक. क्रिम्पिंग (तारेचं टोक दाबून बसवणं) त्याच्याच पकडीने, साध्या पक्कडीने कदापि नाही. कनेक्टर स्लॅबवर पडू देऊ नका, पावसाच्या पाण्यात बसतो. आणि चालू प्रवाहात एमसी४ कधीच ओढायचा नाही, डीसीची ठिणगी विझत नाही. आधी एसी बंद, मग डीसी आयसोलेटर (तोडणारा स्विच), मग कनेक्टर.

अर्थिंग : उघडी तांब्याची तार अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमला थेट लावली की ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. टिनचा लेप दिलेली लग (तारेच्या टोकाला बसवायची पट्टी) आणि एसएस वॉशर वापरा. फ्रेमवर ऑक्साइडचा थर असतो, म्हणून दातांचा वॉशर किंवा ठरावीक अर्थिंग क्लिप लागते, नुसता बोल्ट पुरत नाही.

पॅनेल, इन्व्हर्टर आणि वीजवाहक दांडा (आकाशातली वीज जमिनीत नेणारा) यांचे अर्थिंगचे खड्डे वेगळे करा, पण जमिनीखाली एकमेकांना जोडा.

स्लॅबवाला

वीजवाहकाचा खड्डा वेगळाच ठेवतात ना? जोडला तर आकाशातली वीज इन्व्हर्टरमध्ये येईल अशी भीती असते.

मेगर

भीती उलट आहे. वीज पडली की तिच्या खड्ड्याची पातळी हजारो व्होल्टने उचलली जाते. बाकीचे खड्डे शून्याजवळ राहिले तर तो फरक इन्व्हर्टरच्या आतूनच झेप घेतो. जोडलेले असतील तर सगळं एकत्र वर-खाली होतं. वीजवाहकाची खाली येणारी तार मात्र वेगळ्या वाटेने, सोलर केबलपासून दूर आणायची.

चालू करण्याआधीची तपासणी, प्रत्येक घराची स्वतंत्र : ध्रुवता (अधिक-उणे), स्ट्रिंगचा उघडा व्होल्टेज, फ्रेमपासून अर्थपर्यंत सलगता, आणि इन्सुलेशन. इन्सुलेशनसाठी इन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवून १००० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारं यंत्र), किमान १ मेगाओहम.

व्होल्टेज वाचताना घाबरू नका. कागदावर १० पॅनेलचे ४९५, पण पेशी ६० अंशांवर असताना ४४८ दिसणं बरोबर आहे. त्याहून १५ व्होल्ट कमी असतील तर कुठल्यातरी पॅनेलचा एक डायोड गेला. ४५ कमी असतील तर एक पॅनेलच जोडलेलं नाही. वीस घरांचे आकडे एकाच दिवशी, एकाच तासात घेतले तर वेगळं पडणारं घर लगेच सापडतं. सगळी घरं सारखी असण्याचा खरा फायदा इथे आहे.

नवखा_वाचक

वीज गेल्यावर दुपारी तरी घर चालेल ना?

तारजोड

साध्या इन्व्हर्टरवर नाही. पुरवठा गेला की तो मुद्दाम बंद होतो, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला मागून झटका बसेल. त्यासाठी बॅटरीही चालवणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते, आणि दिवे, पंखे, फ्रिज यांची वेगळी डीबी (वितरण पेटी). ही डीबी घराच्या वायरिंगच्या वेळीच वेगळी काढून ठेवा, नंतर न्यूट्रल वेगळे करताना फार त्रास होतो. आज बॅटरी घ्यायची नसली तरी एक रिकामा पाइप मीटरपासून त्या जागेपर्यंत टाकून ठेवा.

समांतर_ओळ

वरचं वाचून वीस घरांच्या कामाची वाटणी अशी करतो आहे. एकसारखं : पॅनेल, सांगाड्याचे सुटे भाग, कनेक्टरची कंपनी, तपासणीचा तक्ता. घरागणिक वेगळं : सावलीचा नकाशा, टोकाच्या घराचे अँकर, इन्व्हर्टरची जागा, फेज. दुरुस्ती असेल तर सांगा.

मेगर

पाण्याचा नळही घरागणिक धरा. गच्चीवर नळ नसेल तर धुणं होत नाही. सकाळी काच थंड असताना, मऊ ब्रशने, प्रेशर पंप न लावता धुवायचं. क्षाराच्या पाण्याने धुतलं तर ते वाळण्याआधी रबराच्या पट्टीने पुसून घ्या, नाहीतर काचेवर पांढरे डाग धरतात.